गोणपाटातलं चाक

यासीनभाई,

तुमच्या सायकलचं पुढचं चाक माझ्या खाटेखाली आहे. गोणपाटात गुंडाळलेलं, वरून सुतळी. तुम्ही गेलात त्याला आज बारा दिवस झाले आणि मी ती सुतळी सोडलेली नाही. खाटेवर बसून अभ्यास करतो, म्हणजे पुस्तक उघडून बसतो, पण पाय खाली सोडत नाही. मांडी घालूनच बसतो. पायाला गोणपाट लागलं तर काय होईल, असं वाटतं. काही होणार नाही हे मला कळतं. तरी सोडत नाही.

आमच्या सरांनी सांगितलं, कॉलेजच्या अंकासाठी तुमच्यावर लिही, तू त्यांच्या जवळचा होतास. मी हो म्हणालो. माझ्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची चौथी इयत्ता ओलांडली नाही. माझं लिहिलेलं छापून येणार म्हटल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. दोनदा सुरुवात केली. तुम्ही मुंबईच्या सिमेंटच्या ट्रॅकवर सलग तीन वर्षं कोणाला हरवलंत, कोणते कप आणलेत, हे सगळं वर्तमानपत्रात चार ओळींत येऊन गेलं आहे. मी तेच पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहीत होतो. मग लक्षात आलं, मी एका गोष्टीला वळसा घालून लिहितो आहे. म्हणून ते फाडलं आणि आता तुम्हालाच लिहितो.

तुम्हाला आठवतं का, मी तुमच्या सायकलच्या दुकानामागची खोली बघायला आलो तेव्हा तुम्ही काय विचारलंत? भाड्याचं नाही, जातीचं नाही. म्हणालात, "सायकल येते का?"

मी घाबरत म्हटलं, "नाही."

"कधी बसलाच नाहीस?"

"मनमाडला आमच्याकडे कोणाकडे नव्हती."

"मग उत्तम. माझ्या कामाचा आहेस. ज्याला चालवता येते त्याचे हात शिवशिवतात, तो ढकलतो. मला धरणारा पाहिजे, ढकलणारा नको."

मला तेव्हा काही कळलं नव्हतं. तुमच्या त्या सायकलला ब्रेक नाही, उभी करायला स्टँड नाही, आणि शर्यत सुरू होईपर्यंत कोणीतरी मागून खोगीर धरून तुम्हाला सरळ ठेवावं लागतं, हे हळूहळू समजलं. शिट्टी झाली की हात सोडायचा. नुसता सोडायचा. बोटभर जरी पुढे रेटलं तरी शर्यत बाद. दोन वर्षं मी तुम्हाला धरलं आणि सोडलं. माझं नाव सोपान आहे हे तुम्हाला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. तुम्ही मला शेवटपर्यंत "ए कॉलेज" म्हणत होतात.

लोक तुम्हाला वाघ म्हणायचे. तुम्ही आधी तारा वाटणारे शिपाई होतात, टांग्यांना मागे टाकत त्र्यंबक रस्त्याने जायचात, देवळालीच्या छावणीत गोऱ्या सोल्जरांच्या खेळांत कोणीतरी गंमत म्हणून तुम्हाला उतरवलं आणि तुम्ही अनवाणी पायांनी जिंकलात, ही गोष्ट भद्रकालीत अजून तिखटमीठ लावून सांगतात. पण मला वाघाचं ठाऊक नाही. मला खोगीर ठाऊक आहे. शिट्टीच्या आधी त्या खोगिरातून तुमची थरथर माझ्या मनगटापर्यंत यायची. पहिल्यांदा मला वाटलं, माझाच हात कापतो आहे. देवळालीहून परत येताना मी विचारलंही होतं.

"यासीनभाई, तुम्हाला बरं नव्हतं का?"

"का?"

"अंग थरथरत होतं."

तुम्ही आधी आजूबाजूला पाहिलंत. मग म्हणालात, "कोणाला बोललास तर खोली रिकामी करायची." आणि थोड्या वेळाने हसत, "अरे, रोज होतं. पहिल्या दिवसापासून. मुंबईचा तो ट्रॅक पाहिलास का तू? वळणावर भिंतीसारखा उभा असतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी मागे जाऊन ओकलो होतो. मग कप घेतला."

तो कप म्हणजे ज्यात आपण टायर चिकटवायची लाख भिजवायचो, तो. एवढ्या मोठ्या मानाच्या कपात स्पिरिट आणि लाखेचे दाणे टाकून तुम्ही काडीने ढवळायचात. भाभी आतून ओरडायच्या, "उसमें भी? घरात दुसरं भांडं नाही का?" आणि तुम्ही म्हणायचात, "जिंकलेल्या वस्तूचा काहीतरी उपयोग झाला पाहिजे."

तुमची शर्यत पाहायला आलेल्या माणसाला पहिल्यांदा वाटायचं, हे काय चाललंय. दोघे जण, तीन फेऱ्या, आणि दोन फेऱ्या तर लग्नाच्या वरातीसारख्या. कोणी पुढे जायला तयार नाही. कधी कधी दोघेही जागच्या जागी उभे, पायडलवर तोल सांभाळत. प्रेक्षक शिव्या द्यायला लागायचे. मी विचारलं तेव्हा तुम्ही समजावून सांगितलंत. पुढच्याला मागचा दिसत नाही. मागच्याला पुढचा दिसतो. म्हणून पुढचा घाबरतो. "भीती मागे असली की ती किती मोठी आहे ते कळत नाही, कॉलेज. तिला पुढे जाऊ द्यायचं. समोर आली की तिची पाठ दिसते. मग कळतं, हिला पण दोनच पाय आहेत."

मी ते तेव्हा वहीत लिहून घेतलं होतं. लिहून घेणं मला चांगलं जमतं.

आता ते लिहितो ज्याला वळसा घालत होतो.

तुमच्या चाकाचं टायर लाकडी रिमवर लाखेनेच बसवायचं असतं, दुसरा कसलाही आधार नाही, हे अंक वाचणाऱ्यांना ठाऊक नसेल म्हणून लिहितो. दोन हात लाख लावायची, टायर बसवायचं, एक पूर्ण रात्र जाऊ द्यायची. मग अंगठ्याने टायर आडवं रेटून बघायचं. हललं नाही तर ठीक. सरकलं तर त्या चाकावर बसायचं नाही. हे काम तुम्ही पहिलं वर्ष स्वतः केलंत. मग एकदा मी तुम्हाला माझ्या वडिलांविषयी सांगितलं. ते मनमाड स्टेशनात सांधेवाले आहेत. खटका ओढला तरी ते लगेच हिरवा दिवा दाखवत नाहीत. रुळापर्यंत चालत जातात, वाकतात, सांध्याला बोट लावतात, फट नाही याची खात्री करतात, मग परत येऊन दिवा. पावसात, थंडीत, प्रत्येक गाडीला. साहेब हसतात त्यांना. तुम्हाला हे फार आवडलं. तुम्ही दोनदा सांगायला लावलंत. दुसऱ्या दिवशी लाखेचा कप माझ्या हातात देऊन म्हणालात, "आजपासून हे तुझं. सांधेवाल्याचा पोरगा आहेस. तुझ्या हातचं मी परत तपासणार नाही."

आणि तुम्ही खरंच कधी तपासलं नाहीत. फक्त विचारायचात, "वाळली का?" मी म्हणायचो, "वाळली." तेवढंच.

देवळालीची शर्यत रविवारी होती. त्याआधीच्या मंगळवारी संध्याकाळी मी टायर बसवायला हवं होतं. गुरुवारी सकाळी माझा प्रिलिमचा तर्कशास्त्राचा पेपर होता आणि मला काही येत नव्हतं. मंगळवारी मी वाचत बसलो. बुधवारी सकाळी उठून घाईघाईने लाख लावली. जाड लावली, म्हणजे घट्ट बसेल असं वाटलं. चाक उन्हात टेकवलं, उन्हात लवकर वाळेल म्हणून. आणि चार वाजता तुम्ही सरावाला मैदानावर आलात, मी चाक बसवून सायकल धरून उभा होतो, एका हातात वही होती. तुम्ही विचारलंत, "वाळली का?"

मी म्हणालो, "वाळली."

अंगठा लावला नव्हता. वहीतून मान वर केली नव्हती.

तुम्ही बसलात. मी खोगीर धरलं. त्या दिवशी थरथर नव्हती, सराव होता ना. मी सोडलं. दोन फेऱ्या संथ झाल्या. तिसरीत तुम्ही लिंबाच्या झाडापाशी एकदम गती उचललीत, नेहमीसारखी, आणि वळणावर आत झुकलात. मी आवाज ऐकला. कापड फाटल्यासारखा. मग तुमचं डोकं पाण्याच्या पाटाच्या दगडी काठावर होतं.

तुम्हाला टांग्यात घातलं. मैदानावर माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, "खडा आला असंल चाकाखाली." दुसरा म्हणाला, "माळ्याचं काम आहे ना खडे वेचायचं?" आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी सर्वांत जवळ होतो.

मी मान हलवली. हो म्हणालो नाही. पण मान हलवली.

मग दवाखान्यात जाण्याआधी मी सायकल दुकानात नेली, कोणी बघण्याआधी पुढचं चाक काढलं, लोंबणाऱ्या टायरसकट गोणपाटात बांधलं आणि खाटेखाली सरकवलं. किती भराभर केलं मी ते! इतक्या चपळाईने मी आयुष्यात काही केलं नव्हतं.

भाभींनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यातून परत पाठवलं. "सकाळी पेपर आहे ना तुझा? जा. शुद्धीवर आले तर पहिलं तेच विचारतील." मी गेलो. पेपरात कार्यकारणभावावर प्रश्न होता. एखाद्या घटनेचं कारण कसं ठरवावं, उदाहरणासह लिहा. मी पेनला शाई भरली, दौत बंद केली, पुन्हा उघडली. तीन तास तेच केलं असेल.

संध्याकाळी तुम्ही डोळे उघडलेत. तोंड सुजलं होतं. तुम्हाला मी दिसलो की नाही, नक्की नाही. पण तुम्ही म्हणालात, "कसा गेला रे पेपर, कॉलेज?"

"चांगला गेला."

तुम्ही हसायचा प्रयत्न केलात. शुक्रवारी दुपारच्या आत तुम्ही गेलात. म्हणजे आपल्यातलं शेवटचं बोलणं एक खोटं होतं, आणि त्याच्या आधीचंही खोटंच होतं. तुम्ही दोन्ही खरी मानलीत.

कबरस्तानात सगळ्यांनी माती घातली. मीही ओंजळीत घेतली. माझ्या नखांत लाख होती, तांबूस. कितीही घासली तरी निघाली नव्हती. मला वाटलं, शेजारचे बघतील. मी मूठ मिटूनच माती टाकली, ती नीट पडलीही नाही. तुमच्यावर माती घालतानासुद्धा मी माझी नखं लपवत होतो, हे मला विसरता येत नाही.

या बारा दिवसांत मी कशाला कशाला घाबरलो ते सांगू का? दुकानाच्या फळ्या कोणी वाजवल्या की घाबरतो. सर वर्गात नाव घेतात तेव्हा घाबरतो. वडील मनमाडहून आले होते, भाकरी आणि ठेचा घेऊन, खाटेवर बसले, त्यांचे पाय बरोबर गोणपाटाला लागत होते. "काय रं, काय ठिवलंय?" म्हणाले. मी म्हटलं, जुनं सामान. त्यांनी वाकून बोट लावलं गोणपाटाला. सवयच आहे त्यांची. पण त्यांनी हात काढला आणि म्हणाले, "जेव. लय वाळलास."

सगळ्यांत जास्त मात्र मी त्या सुतळीला घाबरतो. कारण चाक खोटं बोलणार नाही. लाख वाळलेली असून टायर निघालं असेल तर टायरचं कापड फाटून रिमला चिकटलेलं असेल. वाळलेली नसेल तर लाकूड साफ असेल. एवढं सोपं आहे ते. कधी कधी वाटतं, कापड चिकटलेलं असेल. खडा असेलही. मग मी सुटलो. कधी वाटतं, न उघडलेलंच बरं.

काल सखाराम आला. मैदानाचा माळी. पेठ तालुक्याकडचा, बायकोपोरांसह विहिरीजवळच्या झोपडीत राहतो. तुम्ही त्याला "ट्रॅकचा न्हावी" म्हणायचात, रोज सकाळी मुरूम इतका गुळगुळीत करतो म्हणून. तो दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही.

"दादा, परवा मैदानाची कमिटी बसणार हाय. मला काढणार म्हणत्यात."

मी दाराची कडी धरून उभा.

"मी येचलं होतं सगळं. पाणी मारलं, रूळ फिरवला, हातानं चाचपलं बी. खडा नव्हता, दादा. तुमी तिथं व्हते. तुमी बघितला का खडा?"

"मला... नीट आठवत नाही," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तो म्हणाला, "शिकलेलं माणूस हाय तुमी. तुमचं ऐकत्याल ते." आणि गेला.

हाताने चाचपलं म्हणाला तो. मुरमाला. यासीनभाई, सगळेच आपापलं काम हात लावून करत होते. माझे वडील, सखाराम. एक मी सोडून.

इथवर लिहून मी उठलो होतो. आता संध्याकाळ झाली आहे, आणि पुढचं लिहितो आहे.

मी तुमच्या घरी गेलो. तुमच्यामागे भाभींची इद्दत चालू आहे, चार महिने दहा दिवस त्या कोणा परक्या पुरुषासमोर येत नाहीत. मधल्या दाराला पडदा आहे, त्याच्याआडून बोलतात. मी बाहेरच्या खोलीत बसलो, गोणपाट मांडीवर. एकट्याने सोडायचं धैर्य नव्हतं आणि दुसऱ्या कोणासमोर सोडलं असतं तर मी पुन्हा मान हलवली असती.

"कोण? कॉलेज का?" भाभी म्हणाल्या. तुमच्यामुळे त्याही तेच म्हणतात.

"हो भाभी. एक दाखवायचं होतं."

मी सगळं सांगितलं. मंगळवार, बुधवार, वही, ऊन, अंगठा. मान हलवलेली. सखाराम. पडद्यामागून काहीच आवाज नव्हता, म्हणून मला आणखी भीती वाटत होती आणि मी आणखी बोलत होतो. शेवटी सुतळी सोडली. गाठ माझीच होती, तरी सुटेना, दातांनी सोडली.

रिम वितीभर साफ होती. धुतल्यासारखी. आणि व्हॉल्व्हजवळ, जिथे मी सगळ्यांत जाड लावली होती, तिथे लाख अजून होती, टायरच्या आत दडपलेली. मी तिथे अंगठा ठेवला. चौदा दिवस उशिरा ठेवला. तो चिकटला. काढला तेव्हा माझ्या अंगठ्याचा ठसा तिच्यात उमटला होता, सगळ्या रेषांसकट.

"वाळली नव्हती, भाभी," मी म्हटलं.

मग पडद्याखालून त्यांचा हात आला. मी चाक पुढे सरकवलं. त्यांनी ते आत ओढून घेतलं. आत त्या काय करत होत्या ते मला दिसलं नाही. चाकाच्या तारांना बोट लागल्यासारखा बारीक आवाज आला. मग त्या रडल्या. मला वाटलं, आता त्या मला जा म्हणतील, किंवा शाप देतील. त्यांना तो हक्क होता. मी वाट पाहत बसलो.

चाक पडद्याखालून परत आलं.

"उद्या कमिटीपुढे हे घेऊन जाशील?" त्यांचा आवाज घोगरा झाला होता.

"जाईन."

"असंच बोलशील? मला बोललास तसं?"

"बोलेन."

मी चाक उचललं. त्याच्या तारा खुळखुळायला लागल्या. थांबेनात. मी दोन्ही हातांनी धरलं तरी थांबेनात.

"हात कापतोय तुझा," भाभी आतून म्हणाल्या.

"हो."

"त्यांचाही कापायचा. शर्यतीच्या दिवशी मी त्यांच्या हातात बशी देत नव्हते. सांडायचा चहा." जरा थांबून त्या म्हणाल्या, "त्यांना वाटायचं, मला ठाऊक नाही." आणि मग, "माफ केलं असं मला आज म्हणता येणार नाही, कॉलेज. उद्या येऊन सांग, काय झालं ते."

मला वाटत होतं, तुमची थरथर जगात मला एकट्यालाच ठाऊक आहे.

आता चाक माझ्यासमोर टेबलावर आहे, गोणपाटाशिवाय. मी खाटेवरून पाय खाली सोडून बसलो आहे. भीती कमी झाली नाही. कमिटीत काय म्हणतील, मला पोलिसांत देतील का, कॉलेजातून काढतील का, मनमाडला वडिलांना कोण सांगेल, हे सगळं आहेच. फक्त ते आता मागे नाही, पुढे आहे. ही वही मी सरांना देईन. अंकात छापायची की नाही ते त्यांनी ठरवावं. सखारामला मी आत्ता जाऊन सांगून येणार आहे, त्याने उद्याची वाट बघत बसू नये.

तुम्ही मला दोन प्रश्न विचारले होते. उत्तरं बदलतो.

लाख वाळली नव्हती, यासीनभाई. मी हात लावून पाहिलं नव्हतं.

आणि पेपर चांगला गेला नाही.